ज्याची बॅट

“तो आमच्यात नाहीये, मामा. तो बॉलिंग टाकतो.”

भाचा हे म्हणाला तेव्हा त्याच्या तोंडात केळं होतं आणि लक्ष पॅडचे पट्टे सोडवण्यात. रविवारची सकाळ, साडेनऊ वाजत आले होते. बहीण चार दिवस बाहेरगावी, म्हणून त्याला क्रिकेटच्या कोचिंगला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलेलं. कडेच्या कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी दीड तास नेट बघत होतो. मुलं आळीपाळीनं आत जायची, दहा मिनिटं खेळायची, लालबुंद होऊन बाहेर यायची, की कुणाची आई, कुणाचे बाबा बाटलीचं झाकण उघडून उभेच. या सगळ्या वेळात एक मुलगा मात्र सलग बॉलिंग टाकत होता. चौदा-पंधरा वर्षांचा, किडकिडीत, डावखुरा. अंगात कुठल्यातरी जुन्या स्पर्धेचा टी-शर्ट, पाठीवर भलत्याचंच नाव. बुटांच्या नाड्या दोन रंगांच्या. पाच पावलांचा स्टार्ट, हात कानाला घासून यायचा, चेंडू मॅटवर पडून बाहेर वळायचा, आणि तुम्ही त्या वळण्याची सवय करून घेतलीत की मधूनच एक सरळ आत यायचा. भाच्याची दांडी त्यानं दोनदा उडवली. मधे पाणी प्यायला तो खेळपट्टी भिजवायच्या पाइपापाशी गेला, पाइपाचं तोंड वर धरून प्याला आणि परत येऊन रनअपच्या खुणेवर उभा राहिला. म्हणून मी विचारलं, हा तुमच्या टीममध्ये कितव्या नंबरला खेळतो? त्यावरचं हे उत्तर.

तो ग्राउंडमनचा मुलगा. साइटस्क्रीनच्या मागे पत्र्याची खोली आहे, तिथं राहतात. सकाळी नेट बांधणं, दोर ताणणं, संध्याकाळी रोलर, ही बापाची कामं. आणि बॉलिंग ही पोराची.

भाचा वाईट मुलगा नाही. केळ्याचा अर्धा तुकडा त्यानं मैदानातल्या कुत्र्याला घातला. “आज रविवार आहे” म्हणावं तसं तो ते वाक्य बोलला, आणि माहिती म्हणून त्यात काही चूक नव्हती. गाडीत बसल्यावर त्यानं पुढच्या मॅचचं काहीबाही सांगितलं, मी हं हं केलं. पण घरी आल्यावर, आंघोळ करताना, दुपारी आडवा झालो तेव्हाही तेच डोक्यात. तो बॉलिंग टाकतो. जणू बॉलिंग टाकणं क्रिकेटमध्ये येतच नाही. गाडी धुणं, गॅलरी झाडणं, तसलं काहीतरी बाहेरून करून घ्यायचं काम आहे ते.

आमच्या लहानपणी गल्लीतला कायदा अगदी स्वच्छ होता. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. पहिल्याच बॉलला त्याची दांडी उडाली तर तो ट्रायल बॉल असायचा, आणि सगळ्यांना ते मान्य असायचं, कारण नाही म्हटलं तर तो बॅट काखोटीला मारून घरी जाणार आणि मग दिवसभर विटी-दांडू. ज्याचा बॉल त्यालाही हक्क होते, पण दुय्यम. ज्याचं काहीच नाही त्यानं गटाराच्या बाजूला फील्डिंग करायची आणि बॉल आत गेला की काढायचा. कुणाचं तरी धाकटं भावंड असायचं, ते कच्चा लिंबू. पण कच्च्या लिंबालासुद्धा बॅटिंग मिळायची, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा जाणवलं. त्याला आऊट धरायचं नाही, त्याच्या धावा मोजायच्या नाहीत, पण दोन बॉल तरी हळू, खालून टाकायचेच. नाहीतर त्याची आई बाहेर यायची.

मी साताऱ्यात वाढलो. नववीत शाळेच्या टीमचा कॅप्टन होतो, १९८४-८५ साली. कॅप्टन होण्याची कारणं दोन. एक, पी.टी.चे सर वडिलांच्या ओळखीचे. दुसरं, माझ्याकडे स्वतःची बॅट होती, मेरठची, काकांनी आणलेली. शाळेच्या किटमध्ये हिरव्या कॅनव्हासच्या पिशवीत पॅडचे दोन जोड, त्यांचे पट्टे तुटलेले, सुतळीनं बांधायचे; ग्लोव्हज होते त्यांना आतून असा वास यायचा की हात धुतल्यावरही जात नसे. माझ्या बॅटला मात्र जवसाच्या तेलाचा वास. रात्री मी ती उशाशी घेऊन झोपायचो. बॅटिंगचा क्रम मी भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचो आणि त्यात अकराव्या जागी कायम एकच नाव असायचं.

आम्ही त्याला लेफ्टी म्हणायचो. तोही डावखुराच, पण हा फास्ट टाकायचा. शाळेत आम्ही सगळे एकमेकांना आडनावानं हाक मारायचो, हजेरीतही आडनावं, भांडणातही आडनावं. फक्त त्याला लेफ्टी. तेव्हा मला ते दोस्तीचं वाटायचं. आता शंका येते की त्याचं आडनाव मोठ्यानं घेताना आम्हालाच कसंतरी होत असावं. शिपाई अधूनमधून सूचनांची वही घेऊन वर्गात यायचा आणि सर शिकवणं थांबवून वाचायचे: मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी मधल्या सुट्टीत स्कॉलरशिपचे फॉर्म ऑफिसातून घेऊन जावेत, कोण कोण आहेत ते उभे राहा. सात-आठ जण उभे राहायचे. लेफ्टी शेवटून दुसऱ्या बाकावर. एक हात बाकावर टेकवून, फळ्याकडे बघत. सर मोजायचे, वहीत आकडा टाकायचे. मागून कुणीतरी कुजबुजायचं, मजा आहे लेका यांची. मलाही तसंच वाटायचं, मजाच आहे. पुन्हा बसताना त्या मुलांच्या बाकांचा जो आवाज व्हायचा, एकामागून एक, तो मला अजून काढून दाखवता येईल.

एक सामना आठवतो. अजिंक्यताऱ्याखालच्या मैदानात, उन्हाचा. लेफ्टीनं पाच काढले होते. आम्हाला शेवटी अकरा धावा हव्या होत्या, दोन गडी बाकी. आमच्या विकेटकीपरचं बोट सुजून टम्म झालेलं, ग्लोव्हजात जाईना. तरी मी त्यालाच आधी पाठवलं. लेफ्टी पॅड बांधून माझ्याशेजारी उभा होता, काही बोलला नाही. मग आणखी एक गेला, लेफ्टी नॉन-स्ट्रायकरला जाऊन उभा राहिला, आणि त्याला एकही चेंडू खेळायला न मिळता समोरचा सुजक्या बोटाचा आऊट झाला. हरलो. स्कोअरबुकात त्याच्या नावापुढे नाबाद शून्य. का पाठवलं नाहीस, असं मला कुणीच विचारलं नाही. सरांनीसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं, हायवेवरच्या एका हॉटेलात. लेफ्टी आला होता. वीज मंडळात इंजिनिअर, निवृत्तीला आलेला, मुलगी डॉक्टर, स्वतःची चांगली मोठी गाडी. माझ्यापेक्षा सर्वार्थानं बरं चाललेलं. दुःखी गोष्ट ऐकायच्या तयारीनं गेलेल्या माझी, खरं सांगायचं तर, थोडी पंचाईतच झाली. सोलकढी पिता पिता मी त्या सामन्याचा विषय काढला. म्हटलं, तुला आधी पाठवायला हवं होतं रे. तो हसला. “मला बॅटिंग येतच नव्हती,” म्हणाला. मग ग्लास खाली ठेवून, “येणार कुठून?”

पुढे कुणीतरी फोटोसाठी हाक मारली.

पुण्यात कॅम्पातून जाताना पूना क्लबचं मैदान दिसतं. त्या मैदानावर १८९२ च्या सुमारास एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा महिना चार रुपयांवर कामाला होता. आधी पारशांच्या क्लबात तीन रुपये मिळायचे, म्हणजे ही बढतीच. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, नेट बांधायची, आणि गोऱ्या सभासदांना सरावाला बॉलिंग टाकायची. बाळू पालवणकर. चर्मकार समाजातले, जन्म धारवाडचा, १८७६. डाव्या हाताची संथ फिरकी. ग्रेग नावाचा लष्करातला इंग्रज कॅप्टन, त्या काळातला इथला सर्वांत भारी बॅट्समन, इतरांच्या तासभर आधी येऊन एकट्या बाळूंना खेळायचा. त्यांनी त्याला आऊट केलं की तो आठ आणे द्यायचा, अशी दंतकथा आहे. म्हणजे आठ वेळा काढला की महिन्याचा पगार. बाळूंनी पुढे आपल्या मुलाला सांगितलेली एक गोष्ट दंतकथेपेक्षा लहान आहे, तिच्यात पैसे नाहीत, सामना नाही. त्या क्लबात त्यांनी शेकडो तास बॉलिंग टाकली, पण बॅट हातात घ्यायला एकदाही कुणी सांगितलं नाही.

बाळूंची दुसरी गोष्ट सगळ्यांना माहीत असते, ती चहाची. गोऱ्यांना हरवायचं तर हा गोलंदाज हवा, असं पुण्याच्या हिंदू संघातल्या मंडळींना (तेव्हा संघ धर्मानुसार असायचे) वाटू लागलं, बराच खल होऊन त्यांना घेतलं गेलं. मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हातून फिरायचा. चहाच्या सुट्टीत मात्र मंडळी आत आणि बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या, पिऊन फेकायच्या भांड्यात चहा. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. आमच्या साताऱ्याचाही यात एक किस्सा आहे: तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्यानं बाळूंची फिरकी मारायला आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतला, तरी त्यांनी सात काढले. त्यानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीरपणे सुनावलं की सोबत खेळता तर सोबत चहा-जेवण घ्यायला काय होतं. लहानपणी हे कुणी आम्हाला साताऱ्यात सांगितलं नाही. अजिंक्यतारा, चाफळ, कास सगळं सांगितलं.

पण चहाची गोष्ट आपल्याला आवडते, असा मला संशय आहे. ती ऐकताना आपण मान हलवतो, च् च् करतो आणि सुटतो. कारण आता आपल्याकडे तसं भांडं नसतं. माझ्या आजीकडे होतं, परसदारी, खिडकीच्या फळीवर उपडं; लेफ्टी एकदाच घरी आला तेव्हा ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आजी गेली, वाडा पाडला, भांडंही गेलं असेल भंगारात. बॅटची गोष्ट तशी भंगारात जात नाही.

पुढचं सगळं तसं नोंदलेलं आहे. १९०६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, बाळूंनी आठ गडी बाद केले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांबरोबर अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, धडाधड हरला, आणि त्या पडझडीत बाळूंनी शंभरावर, ११४ गडी टिपले. परतल्यावर त्यांच्या समाजानं केलेल्या सत्काराच्या मानपत्राशी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाचं नाव जोडलेलं आहे, भीमराव आंबेडकर. (आणि इतिहास असा तिरपागडा की १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू त्याच आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि दोनेक हजार मतांनी पडले. आपल्या मनातल्या माणसांना एका रांगेत उभं करायला जावं तर ती उभी राहत नाहीत.) इतकं करून हिंदू संघाचं कॅप्टनपण काही मिळेना. सर्वांत अनुभवी, सर्वांत जास्त बळी, पण कॅप्टन दुसरा कुणीतरी. १९२० साली कॅप्टन नेमताना पुन्हा डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनी संघातून अंग काढून घेतलं, गाजावाजा झाला, मग समेट म्हणून बाळूंना उपकर्णधार केलं. कर्णधार पै सामन्यात मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर जाऊन बसले, म्हणजे तेवढा वेळ तरी संघ बाळूंच्या हाती राहावा. बाळूंचं वय तेव्हा चव्वेचाळीस.

पैंच्या त्या बाहेर जाऊन बसण्याबद्दल मला धड काय वाटतं ते अजून ठरत नाही. भला माणूस. पण परत आत यायचं ठरवूनच बाहेर गेलेला.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कॅप्टन झाले, संघ जिंकला, लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, मराठीत. आणि विठ्ठल काय होते? बॅट्समन. अव्वल बॅट्समन. थोरल्यानं आयुष्यभर बॉलिंग टाकली तेव्हा कुठे त्या घरात बॅट आली.

असंच मी आणखी एकदा पाहिलं आहे, फार लांबच्या देशात. दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळलेला पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू म्हणजे मखाया एन्टिनी, १९९८. खेड्यात गुरं राखणारा पोर, कुणाच्या तरी नजरेत भरला, चांगल्या शाळेत पाठवला. १०१ कसोट्या, ३९० बळी. तो सकाळी हॉटेलपासून स्टेडियमपर्यंत पळत जायचा, संध्याकाळी पळत परत यायचा, आणि आम्ही टीव्हीवर बघणारे म्हणायचो, काय फिटनेस आहे! २०२० मध्ये त्यानं सांगितलं की संघाच्या बसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसत नसे, नाश्त्याला तो बसला की त्या टेबलाकडे कुणी फिरकत नसे. म्हणून तो किटबॅग बस ड्रायव्हरकडे द्यायचा आणि पळायचा. हे वाचलं त्या दिवशी मी ऑफिसात होतो, लॉकडाऊन नुकता सैल झालेला, मजल्यावर आम्ही तिघेच. मला त्याची ती धाव आठवत राहिली, गुडघे उंच उचलून धावायची, आणि त्यावरचं आमचं कौतुक.

एन्टिनीनंतर गोलंदाज येत राहिले. कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडूच्या बॅटमधून पहिलं कसोटी शतक निघायला मात्र २०१६ उजाडलं. टेंबा बावुमा, केपटाऊनला, इंग्लंडविरुद्ध, नाबाद १०२. मधे अठरा वर्षं. गोलंदाज माळरानावर घडू शकतो. खांदा हवा, जिद्द हवी, एक चेंडू हवा, फेकायला भिंत हवी. बॅट्समनला पॅड लागतात, ग्लोव्हज लागतात, बरी खेळपट्टी लागते, आणि हे सगळं जमवलं तरी एक गोष्ट उरते: समोर कुणीतरी हवं, जे तासन् तास, वर्षानुवर्षं, तुमच्यासाठी चेंडू टाकत राहील. बॅट्समन दुसऱ्याच्या घामावर तयार होतो. बावुमाच्या वाट्याला तो घाम आला कारण केपटाऊनच्या लांगा या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून उचलून त्याला जुन्या, पैसेवाल्या शाळेत घातलं गेलं. त्या देशाचे बहुतेक खेळाडू अशा मूठभर शाळांतूनच येतात. लांगाच्या चौकात ती पोरं खेळायची तिथं रस्त्याच्या एका बाजूचं डांबर उखडलेलं होतं, बॉल कसाही उडायचा, त्या बाजूचं नाव कराची. दुसरी बाजू मेलबर्न. आणि एक बाजू छान, साफ केलेली, तिचं नाव लॉर्ड्स.

२०१६ पासून तिथं धोरण आहे, मोसमाच्या सरासरीत अकरांमध्ये सहा गौरेतर आणि त्यांतले दोन कृष्णवर्णीय आफ्रिकी. बावुमा कॅप्टन झाला तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर यावरून काय काय फिरलं ते इथं लिहीत नाही, तुमच्याही ग्रुपवर फिरलं असेल. कोट्यातला कॅप्टन. उंचीवरून, नावावरून. बोलायचं होतं इथल्याच कुणाबद्दल, पण ग्रुपमध्ये सगळ्या आडनावांचे लोक आहेत, म्हणून बावुमा बरा सापडला. जून २०२५ मध्ये तोच बावुमा लॉर्ड्सवर, खऱ्या लॉर्ड्सवर, आखडलेल्या मांडीनं लंगडत ६६ धावा करून संघाला जागतिक कसोटी अजिंक्यपद जिंकून देता झाला. ग्रुपवर टाळ्याच टाळ्या. मी जुने मेसेज वर सरकवत सरकवत मागे गेलो, मी तेव्हा काय म्हटलं होतं ते बघायला. काही म्हटलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा टाकला होता, एका फॉरवर्डखाली. दोन वेळा.

पुढच्या रविवारी बहीण परत आलेली होती, तरी मीच नेतो म्हणालो. तिला आश्चर्य वाटलं.

कोचला मी बाजूला घेतलं. तरुण आहे, स्वतः चाळीतून आलेला, क्लब क्रिकेट खेळून गुडघा गमावलेला. त्याला वाईट वाटेल अशा बेतानं मी विचारलं नाही, पण त्याला रोख कळला. “काका, बॅटिंग द्यायला मला काय प्रॉब्लेम? पण त्याच्याकडे हेल्मेट नाही, गार्ड नाही. सीझन बॉल आहे. काही लागलं तर?” मग, “स्लॉट पॅक असतात हो. फी भरलेली पोरं बाहेर थांबवून याला कसं आत घालू? पालक दुसऱ्या दिवशी फोन करतात.” आणि मग, थोडं थांबून, खरं तेही सांगितलं: “त्याच्यासारखं बॉलिंग आमच्या पोरांना दुसरीकडे मिळणार नाही. महिन्याला हजार रुपये देतो मी त्याला. फुकट नाही राबवत.” यातल्या एकाही वाक्याला मला उत्तर सुचलं नाही. मीही त्याच्या जागी हेच बोललो असतो, बहुधा इतकं सरळ नसतो बोललो.

नेट संपलं, मुलं पांगली. भाचा किटबॅग भरत होता. त्याची बॅट इंग्लिश विलोची आहे, पंचवीस हजारांची, वाढदिवसाला त्यात माझेही पैसे होते, म्हणून मला वाटतं मी जरा हक्कानं म्हणालो, त्या दादाला दहा मिनिटं दे की तुझं सामान. भाच्यानं माझ्याकडे बघितलं, मग नेटकडे. “हेल्मेट नको ना, मामा. घाम लागतो.” गेल्या रविवारी दुसऱ्या मित्राला दिलं होतंस की, मी म्हटलं. “तो वेगळा.” का वेगळा, हे त्याला सांगता येईना. बारा वर्षांचा आहे, आणि तो सांगू शकला असता तर मला जास्त जड गेलं असतं. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाला, “बॅट घे. पॅड पण घे. हेल्मेट नको.”

माझ्या बॉलिंगला हेल्मेट कशाला लागतंय, मी म्हणालो.

तो मुलगा नेटचे खुंट उपटायला निघालाच होता. मी बॅट पुढे केली तर आधी बापाच्या खोलीकडे बघितलं, मग कोचकडे. कोच फोनवर होता, त्यानं नुसता हात हलवला. पॅड त्याला आखूड झाले, गुडघे उघडेच. मी पंचावन्नाव्या वर्षी, घरगुती चपला काढून, अनवाणी, तीन पावलांचा स्टार्ट घेतला. पहिला चेंडू नेटच्या बाहेरच गेला. दुसरा फुलटॉस. तिसरा कसाबसा टप्पा पडून गेला, तो त्यानं पाय पुढे टाकून असा अडवला की चेंडू मॅटवरून घरंगळत माझ्या पायापाशी येऊन थांबला. पुढचाही तसाच. मी हाफ व्हॉली टाकतोय, कुणीही उचलून भिरकावून द्यावा असा, आणि हा मान खाली घालून तो माझ्या पायाशी आणून ठेवतोय. पाच-सहा झाले. मला धाप लागली. “मार की रे!” मी ओरडलो.

“लांब जाईल, काका. तुम्हालाच आणायला लागंल.”

आणखी चारेक टाकले असतील. मग त्यानंच हात वर केला, म्हणाला बास, नेट काढायचंय, पप्पा येतील. पॅड सोडून एकावर एक ठेवले. बॅटचं हँडल टी-शर्टच्या टोकानं आधी एका बाजूनं, मग फिरवून दुसऱ्या बाजूनं पुसलं आणि भाच्याच्या हातात दिली. भाच्यानं “थँक्यू दादा” म्हटलं. मी चपला शोधत होतो.

गाडीत बराच वेळ तो गप्प होता. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, “मामा, तो खालचा हात फार घट्ट पकडतो. म्हणून त्याला मारता येत नसेल.” मग बाहेर बघत, “त्याला कुणी ग्रिप शिकवली नाही का?”

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न वाजवला, मी गिअर टाकला.